मास्तरांच्या हाताचा वेग

दोन खोल्यांच्या त्या कारखान्यात अंधांसाठी सहा बटणांचा कीबोर्ड तयार होत होता. घरची मोठी सून त्याचा ड्रायव्हर, म्हणजे बटणांचे ठोके कॉम्प्युटरला पोचवणारा प्रोग्रॅम, लिहायची आणि तिची धाकटी नणंद, जिला सगळे चिमी म्हणत, टाइप केलेलं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम लिहायची. दोघी पाठीला पाठ लावून बसत. घरी एका ताटात जेवतील इतकं गूळपीठ, पण कामात कुणी चूक काढली की दोघींच्या नाकाला मिरच्या झोंबत.

सोमवारी दहा कीबोर्ड शाळेत पोचवायचे होते. म्हणून शुक्रवारी सकाळी त्यांनी तपासायला घरातलाच माणूस बसवला. सासरे गणिताचे निवृत्त मास्तर, जन्मापासून अंध, आणि ब्रेलवर हात असा की बघणाऱ्याला बोटं मोजता येऊ नयेत. ते आत्मचरित्र लिहायला बसले आणि पहिल्याच पानावर त्यांनी टाइप केलं, ‘माझी सासू शहाणी.’

मशीन खणखणीत आवाजात म्हणालं, ‘माझी सासू हाणी.’

चिमी हसून हसून टेबलावर आडवी झाली. मास्तर मात्र गंभीर झाले. त्या बाईंनी आयुष्यात मुंगीलाही दुखवलं नव्हतं, असं त्यांनी दोघींना बजावलं, आणि पुढच्या चार ओळींत आणखी तीन अक्षरं गळाली.

मग वादाला तोंड फुटलं. कॉम्प्युटरचा गाभा म्हणजे कर्नल. तिथे साध्या प्रोग्रॅमला पाय ठेवता येत नाही. सुनेचा ड्रायव्हर त्या गाभ्यात बसून बटणांचे ठोके घ्यायचा, रांगेत लावायचा आणि चिमीच्या प्रोग्रॅमने मागितले की बाहेर द्यायचा. सून म्हणाली, मी दिलेलं तुझा प्रोग्रॅमच सांडतोय. चिमी म्हणाली, आलंच नाही तर सांडू काय? बोलण्याने निकाल लागेना, तेव्हा मास्तरांनी मास्तरांसारखंच सांगितलं, की दोघींनी आपापल्या बाजूला ठोके मोजावेत.

त्यांनी एक पान झरझर टाइप केलं. ड्रायव्हरपाशी आले चारशे बारा. चिमीपाशी पोचले तीनशे सत्त्याण्णव.

सुनेला आधी जिंकल्यासारखंच वाटलं. पण ड्रायव्हरने बाहेर दिलेले ठोकेही तीनशे सत्त्याण्णवच होते. मग पंधरा गेले कुठे? तिने स्वतःचा कोड उघडला, आणि तिचा चेहरा पडला. रांगेत जागा सोळाच ठोक्यांची. ती भरली की नवा ठोका टाकून द्यायचा, असं तिनेच वर्षापूर्वी घाईत लिहिलं होतं. एका बोटाने टकटक करून तपासताना रांग कधी भरलीच नव्हती. गुपचूप दुरुस्त केलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. पण ती चिमीकडे खुर्ची वळवून बसली.

“चिमे, अक्षरं माझ्याकडेच पडत होती. आणि पडली हे तुला कळवायची सोयही मी केली नव्हती.”

चिमीनेही आपली खुर्ची वळवली.

“वहिनी, रांग भरते माझ्यामुळे,” ती म्हणाली. “प्रोग्रॅम वाचून दाखवत असतो तेवढा वेळ मी तुझ्याकडे बघतच नाही.”

दुपारभर दोघी एकाच स्क्रीनपुढे खांद्याला खांदा लावून बसल्या. चिमीने वाचणं आणि बोलणं वेगळं केलं. आता प्रोग्रॅमचा एक भाग नुसता झोपून राही, आणि ठोका आला की ड्रायव्हर त्याला जागं करी. सुनेने रांग लांबवली, आणि तरीही काही गळालं तर किती गळालं ते वर कळवायची व्यवस्था केली.

चहाच्या वेळी मास्तर पुन्हा बसले. या खेपेला त्यांनी मुद्दाम हात आणखी भरधाव सोडला. आकडे जुळले, सहाशे तीस आणि सहाशे तीस. सुनेने दोनदा पाहिलं आणि मग हुश्श केलं.

सोमवारी शाळेत नऊच कीबोर्ड गेले. दहावा मास्तरांनी रविवारीच घरी नेला होता आणि ते आत्मचरित्रात लग्नाच्या प्रकरणापर्यंत पोचले होते. तो परत मागायला कोण जाणार, हे नणंद-भावजयींचं तेवढं अजून ठरायचं होतं.