पांढरा प्लग

त्या रस्त्यावर त्याला सगळे कानवाला म्हणत. दुकान म्हणजे शटर लावलेली एक खोली, दोन्ही हात पसरले तर बोटं भिंतींना टेकतील एवढीच. स्कूटर दुरुस्त करण्यात त्याची चाळीस वर्षं तिथं गेली. त्याची एक पद्धत होती. लांब पेचकसाचं पातं चालू इंजिनवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग तो सांगायचा, हिला हवा जास्त होतेय, हिची पिन वाजतेय. मीटर-बिटर त्यानं कधी वापरला नाही. नीट लागलेलं इंजिन नुसतं उभं ठेवलं तरी 'आहे, आहे, आहे' म्हणतं, असं त्याचं म्हणणं. बिघडलं की 'नाही, नाही' सुरू. गिऱ्हाइकं हसायची, पण मूठ आपल्या कानाला लावून बघायचीच. आणि तसंच ऐकू यायचं.

एका सकाळी पुतणी स्कूटर ढकलत घेऊन आली. वर न बघताच त्याला गाडी कुठली ते कळलं. मागच्या चाकाची ती बारीक टिकटिक त्यानं तीन वर्षांत ऐकली नव्हती. गाडी त्याच्या धाकट्या भावाची होती. भाऊ गेला तेव्हापासून ती घराच्या मागे गोणपाटाखाली उभी होती.

"काका, हिच्यात जीव घाला."

"अगं, हिला कशाला बाहेर काढलीस! आईला विचारलंस का?"

"आई म्हणते भंगारात दे. मी म्हटलं, काकांकडे देते. फरक थोडाच आहे."

शेजारचा पंक्चरवाला पाण्यात ट्यूब बुडवत होता. तो खो खो हसला. "बरोबर ओळखलंस पोरी!"

"तू तुझे बुडबुडे बघ," कानवाला म्हणाला. पण हसू त्याच्या ओठांपर्यंतच आलं.

पुतणीला टेकडीवरच्या दवाखान्यात रक्त तपासायची नोकरी लागली होती. एक तारखेला सकाळी सातच्या ठोक्याला हजर व्हायचं. त्या वेळी वर जाणारी बस नव्हती. पहिल्याच दिवशी उशीर झाला तर तिच्या जागेवर बसायला दुसरी तयार होती.

"आणि अशीतशी नको हं," ती म्हणाली. "बाबांना करून दिली होतीत ना, अगदी तशी करा. तिसऱ्या गिअरमध्ये चढ चढायची. बाबा गल्लीभर सांगत फिरायचे, माझ्या भावासारखा हात कुणाचा नाही."

कानवाल्यानं हात फडक्याला पुसले. "बघतो," तो म्हणाला.

लोकांना एवढंच माहीत होतं, की रस्त्यावर तेल सांडलेलं होतं आणि भाऊ टेकडीच्या शेवटच्या वळणावर घसरला. तेल-बिल काही नव्हतं. भावाच्या हट्टापायी कानवाल्यानं इंजिनचं हेड, म्हणजे वरचं झाकण, घासून पातळ केलं होतं. हेड घासलं की गाडीला ओढ येते, पण ती तापतेही, म्हणून पेट्रोल वाढवावं लागतं. त्या दिवशी त्यानं पेचकस कानाला लावला तर आवाज असा गोड होता की बस. तरी सवयीनं प्लग काढून बघितला. प्लगचं टोक चहाच्या रंगाचं हवं. ते खडूसारखं पांढरं होतं. म्हणजे इंजिन आतून भाजत होतं. भाऊ दारात घाई करत उभा होता. "काय रे दादा, कान काय म्हणतो?" कान म्हणत होता, झकास. डोळे वेगळं सांगत होते. त्यानं कानाचं ऐकलं, 'झकास' म्हणाला आणि प्लग परत बसवला. अर्ध्या तासानं चढावर पिस्टन तापून अडकला आणि मागचं चाक जागच्या जागी गच्च झालं. अशा वेळी क्लच दाबला की चाक सुटतं, त्याला निमिष पुरतं. भावाला तेवढंही मिळालं नाही.

घरात रडारड चालू असताना कानवाल्यानं हेड बदलून साधं बसवलं. घासलेलं हेड आणि तो प्लग फडक्यात गुंडाळून ग्रीसच्या रिकाम्या डब्यात घातले आणि डबा दुकानाच्या माळ्यावर टाकला. कुणाला अवाक्षर सांगितलं नाही.

आता त्यानं ठरवलं, गाडी साधीच ठेवायची, पण चोख करायची, म्हणजे पोरीला हेडची आठवण होणार नाही. त्यानं अडकलेला पिस्टन बदलला, कार्ब्युरेटर पेट्रोलमध्ये बुडवून धुतला, सायलेन्सर भाजून त्यातला कार्बन झाडला, नवा प्लग लावला, पेट्रोल किंचित जास्तच ठेवलं. दोन किकमध्ये गाडी सुरू झाली. त्यानं मूठ कानाला लावली.

'नको, नको, नको.'

त्यानं हवेचा स्क्रू अर्धा फेरा फिरवला. 'नको.' पाव फेरा मागे घेतला. 'नको, नको.' प्लग काढला, तो चहाच्या रंगाचा, सुंदर. सगळं जिथल्या तिथं होतं. त्यानं पंक्चरवाल्याला हाक मारली आणि मूठ त्याच्या कानाला लावली.

"काय म्हणते?"

"काय म्हणणार? फटफट म्हणते. तुझ्या कानात मळ झालाय."

पण पुढचे तीन दिवस तेच. आणि सकाळी शटर उघडावं तर रात्री गाडीवर घातलेलं गोणपाट जमिनीवर पडलेलं आणि स्कूटरचं तोंड माळ्याकडे वळलेलं. हँडल लॉक करून तो गेलेला असायचा. पहिल्या दिवशी त्यानं स्वतःला समजावलं, आपणच विसरलो असू. दुसऱ्या दिवशी समजावायचं सोडून दिलं. त्यानं गाडी दाराकडे तोंड करून उभी केली आणि चाकाखाली वीट लावली. तिसऱ्या दिवशी वीट होती तिथंच होती. गाडी वळलेली होती.

चौथ्या दिवशी दुपारी पुतणी आली. बाहेर लख्ख ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही. पंक्चरवालाही जेवायला गेलेला.

"झाली ना? दाखवा." तिनं स्वतःच किक मारली. पेचकस उचलला, लहानपणी बापाच्या मांडीवर बसून काकाचं बघितलं होतं तशी मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

"काका, ही काहीतरी म्हणतेय."

"काही नाही गं. बंद कर."

"सांग म्हणतेय. सांग, सांग, सांग."

कानवाल्यानं हात लांब करून किल्ली फिरवली. इंजिन चालूच राहिलं. आत निखाऱ्यासारखा तापलेला कार्बन असला तर कधीकधी गाडी किल्लीशिवाय चार ठोके जास्त घेते, हे त्याला माहीत होतं. पण कार्बन त्यानं स्वतःच्या हातानं काढला होता. त्यानं प्लगची वायर उपटली. तरी इंजिन चालू. पेट्रोलचा कॉक बंद केला. इंजिनची चाल जराही ढळली नाही. आता पेचकसाची गरजच नव्हती, आवाज सगळ्या खोलीत भरला होता. जो शब्द त्याला चार दिवस 'नको' ऐकू येत होता तो 'सांग'च होता. आपल्याला सोसेल तेवढंच कान ऐकत होता.

"काका, काय सांगायचंय?"

तो स्टुलावर चढला, माळ्यावरून डबा काढला आणि फडकं तिच्या हातात दिलं. मग उभ्या उभ्या सगळं सांगितलं. हेड किती घासलं, प्लग कसा पांढरा होता, दारात भाऊ काय म्हणाला, आपण काय म्हणालो. तेल नव्हतं, हेही सांगितलं. 'आणि मी प्लग परत बसवला' हे शेवटचं वाक्य संपलं, तसं इंजिन एक उसासा टाकून थांबलं.

पुतणीनं प्लग बोटांत धरून उजेडाकडे केला. तीन वर्षांनंतरही तो खडूसारखाच होता.

"आईला मी सांगायचं की तुम्ही?"

"मी येतो."

"आज नका येऊ," ती म्हणाली, आणि प्लग मुठीत घेऊन निघून गेली.

दोन दिवस ती फिरकली नाही. गोणपाट मात्र दोन्ही सकाळी गाडीवरच होतं. तिसऱ्या दिवशी महिना संपत होता. उन्हं उतरताना ती आली. डोळे सुजलेले, बोलणं कोरडं.

"आई तुमच्याशी बोलणार नाही. कधी बोलेल ते मला ठाऊक नाही. मलाही धड बोलता येत नाहीये. पण उद्या मला सातला वर पोचायचंय. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चढली तरी चालेल. प्लग आधी मला दाखवा."

त्यानं दाखवला. तिनं तो उलटासुलटा करून पाहिला. "चहा," ती म्हणाली. "बसवा. आणि उद्या माझ्या मागे येऊ नका. लहान नाही मी."

दुसऱ्या दिवशी साडेसहाला कानवाला दुकानासमोर उभा होता. ती न थांबता समोरून गेली, हळू, दुसऱ्या गिअरमध्ये. तो कान देऊन उभा राहिला. पहिलं वळण. दुसरं वळण. रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं, गाडी एकच गेली होती. आवाज मात्र दोन येत होते. एक पुढचा. दुसरा थोडं अंतर ठेवून मागून येणारा, पुढचा मंदावला की मंदावणारा.

सातला पाच कमी असताना फोन वाजला.

"पोचले," पुतणी म्हणाली. "पण मी नको म्हटलं होतं ना? तरी आलातच ना मागे?"

"मी?"

"नाहीतर कोण! शेवटच्या वळणावर मी मागे बघणार, तेवढ्यात हॉर्न दिलात. पुढे बघ म्हणून."

कानवाल्यानं मान वळवली. त्याची स्वतःची स्कूटर पुढचं चाक काढून विटांवर ठेवलेली होती, गेले दोन महिने.

"आवाज कसा होता गं?" त्यानं विचारलं. "मागच्या गाडीचा?"

"चांगला होता. आहे, आहे म्हणत होती." आणि मग, आवाज एकदम बारीक करून, "काका, तुम्ही कुठून बोलताय?"

"दुकानातून," तो म्हणाला. "जा तू. सात वाजतील."

पंक्चरवाला शटर वर ढकलत होता. "सकाळी सकाळी कुणाचा रे फोन?"

"घरचा," कानवाला म्हणाला. पेचकस खिळ्याला टांगून तो उंबऱ्यावर बसला, टेकडीकडून मागची ती गाडी एकटीच खाली येते की काय, ते ऐकत.