अंगठ्याच्या पेराएवढी मोटर

तळहातावर मावणाऱ्या आमच्या शर्यतीच्या गाडीत अंगठ्याच्या पेराएवढी मोटर असते. गाडी मार्गावरच्या खाचेतून धावते; खाचेलगतच्या दोन पट्ट्यांतून मोटर वीज घेते आणि मिनिटाला हजारो गिरक्या घालते. माझ्या अशा दोन मोटरी लागोपाठच्या दोन शर्यतींत जळाल्या होत्या. तिसरी शर्यतही अर्धवट राहिली, तर नियमाप्रमाणे या शर्यती भरवणाऱ्या हौशी मंडळातून माझे नाव कटणार होते. आठवड्यातली एकच संध्याकाळ मी माणसांत घालवतो, आणि ती त्या मंडळात.

नवी मोटर मी टेबलावर घेतली. पुसली, दांड्याच्या दोन्ही टोकांना तेल दिले, पुन्हा पुसली, पुन्हा तेल दिले. समोर वहिनी शिलाई मशीनवर कुणाचे तरी पडदे शिवत होती.

"भावजी, न्हाऊ घालताय का तिला?"

"कोरडी राहिली तर झिजेल, वहिनी."

"माझ्या मशीनचे असे लाड केले असते, तर गिऱ्हाइकाने पडदे माझ्याच अंगावर फेकले असते. जास्तीचं तेल जातं कुठे?"

मी जळालेल्या दोन्ही मोटरी उघडल्या. फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या कार्बनच्या ब्रशांवर जास्तीच्या तेलाचा काळा, चिकट लेप बसला होता. इतके दिवस मी नशिबाला बोल लावत होतो; त्यांचा जीव माझ्याच मायेने घेतला होता.

नवी मोटर धुऊन वाळवली. वहिनीने दिलेल्या सुईच्या टोकाने दोन्ही बाजूंना एकेक थेंब ठेवला. मग ब्रश नीट बसावेत म्हणून ती कमी विजेवर तासभर हळू फिरत ठेवली.

"आता हात मांडीखाली घ्या," वहिनी म्हणाली. मी खरोखरच घेतले.

गाडीत बसवताना दोन दातेरी चाकांमध्ये कागदाची पट्टी धरली, स्क्रू आवळले आणि पट्टी अलगद ओढून काढली. दात्यांनाही श्वास घ्यायला तेवढी फट लागते.

शर्यतीच्या संध्याकाळी मंडळातले दाताचे डॉक्टर शेजारच्या खाचेवर होते. "काय रे, आज धूर कितव्या फेरीला? तुझ्यासाठी खिडकी उघडून ठेवलीय." मंडळी हसली. मी गाडी खाचेत ठेवली.

तीस फेऱ्या होत्या. याआधीच्या दोन्ही मोटरी बाराव्या फेरीच्या आत गेल्या होत्या. बारावी सरली, आवाज स्वच्छ होता, ताणलेल्या तारेसारखा. विसाव्या फेरीला वळणावर गाडी खाचेतून उडाली. उचलून पुन्हा ठेवेपर्यंत डॉक्टर पुढे निघून गेले, आणि माझा हात सवयीने खिशातल्या तेलाच्या बाटलीकडे गेला. एक थेंब, फक्त एक. हात तिथेच थांबला. मग परत गाडीचा वेग सांभाळणाऱ्या खटक्यावर आला.

सव्विसाव्या फेरीला मी त्यांना गाठले. शेवटच्या सरळ पट्ट्यात खटका पूर्ण दाबला, आणि त्या चिमुकल्या जिवाने जवळ होते नव्हते ते सारे दिले. अर्ध्या गाडीच्या अंतराने मी जिंकलो.

डॉक्टर वाकून माझी गाडी न्याहाळत राहिले. "खरं सांग, मोटरीत घातलंस काय?"

"कमी," मी म्हणालो.

सगळे हसले, डॉक्टर सर्वांत मोठ्याने. सचिवांनी फळ्यावर माझे नाव पहिल्या ओळीत लिहिले. अक्षर गचाळ होते. मी ते बराच वेळ वाचत उभा राहिलो.