मंगळवारी मी बोलले

आमच्या नेब्रास्कातल्या गावाच्या वेशीवर पाटी आहे: ‘डेल व्हराना यांचे गाव’. डेल व्हराना म्हणजे माझे बाबा. बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये अकरा वर्षं पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, एकशे सत्त्याण्णव विजय. गावाला मात्र त्यांचा एकच सामना आठवतो, आणि त्यात माझं नाव येतं.

पिचरने एकाही फलंदाजाला फटका मारू दिलेला नसेल, तर अपशकुन नको म्हणून सामना संपेपर्यंत त्याच्याशी कुणी बोलत नाही. बाकावर शेजारी बसत नाही. ‘फटका’ हा शब्द तर तोंडातसुद्धा आणत नाही. बाबांनी सव्वीस गडी असे बाद केले होते, एकच उरला होता. मी सहा वर्षांची. कठड्यावर चढून ओरडले, “बाबा, अजून एकालाही फटका मारता आला नाही!” पुढच्याच चेंडूवर फटका बसला, थेट उजव्या कोपऱ्यात.

माझ्या लग्नात पाद्रीबुवांनी ‘कुणाची हरकत आहे का’ विचारलं, तेव्हा मागून आवाज आला, “मुलीला गप्प बसायला सांगा!” सगळे हसले. बाबाही हसले. ते त्या सामन्याबद्दल कधीच बोलले नाहीत.

मार्चमध्ये डॉक्टरांनी बाबांसाठी आता काही करण्यासारखं नाही म्हणून सांगितलं. मग सात दिवस ताप आला नाही, आणि बाबांच्या जुन्या संघाने तोच न बोलण्याचा नियम लागू केला. पाच म्हातारे आमच्या व्हरांड्यात ओळीने बसले, सूर्यफुलाच्या बिया चघळत. ज्याची जी खुर्ची, ती सोडायची नाही. बाबांचे कॅचर, म्हणजे समोर बसून कोणता चेंडू टाकायचा ते खुणेने सांगणारे, गसकाका पोस्पिशिल यांनी मोजे बदलणंही थांबवलं. मी सूप घेऊन निघाले तर म्हणाले, “पोरी, कसं वाटतंय असं विचारू नकोस हं. नीट चाललंय.”

मंगळवारी मी आत जाऊन दार लावून घेतलं.

“बाबा, तुम्ही चाललात हे मला कळतंय.”

“बोललं बुवा कुणीतरी! या माठांनी आठवडाभर मला भिंतीशी गप्पा मारायला लावल्या.”

“त्या दिवशी मी ओरडले, ते ऐकू आलं होतं?”

“आलं की. दोन तासांत माझ्याशी बोललेली तू एकटीच. बरं वाटलं.”

“मग तो चेंडू?”

“गसने वळणारा चेंडू मागितला होता. मी सरळ टाकला. ऐट दाखवायची होती. तो कुणाला बोलला नाही, मीही नाही. सगळं तुझ्यावर आलं. तेव्हाच सांगायला हवं होतं, लोरा.”

मी त्यांची उशी सारखी केली. गुरुवारी सकाळी ते गेले.

दफनानंतर चर्चच्या तळघरात खसखस भरलेले गोड पाव, कोलाचे होते, कॉफी होती. गसकाका ताटली घेऊन माझ्याजवळ आले. मोजे बदललेले होते.

“सात दिवस ताप नव्हता, पोरी. सात! मंगळवारी आत जाऊन बोललीस ना?”

“बोलले.”

“वाटलंच मला.”

“गसकाका, तुम्ही तेव्हा वळणारा मागितला होतात म्हणे.”

त्यांचं चघळणं थांबलं. “असं डेल म्हणाला? चूक कबूल केली, स्वतःच्या तोंडाने?”

“हो.”

त्यांनी ताटली खाली ठेवली आणि रुमाल शोधू लागले.

“म्हणजे फारच आजारी होता गं तो.”