बशीरभाईंच्या डब्यातला नवसागर

मी नवसागराचा खडा बोलतोय. खरं तर बोलायला मला तोंडच उरलेलं नाही, पण गप्प बसून आतल्या आत जळण्यापेक्षा सांगून टाकलेलं बरं.

तासगावात बशीरभाई कल्हईवाले. तापलेल्या पातेल्यात माझी चिमूट पडली की पांढरा धूर उठायचा, मळ सुटायचा आणि कथील सरसर पसरायचं. बायका त्यात स्वतःचं तोंड बघून हसायच्या. मी स्वतःला फार मोठा समजायचो. गर्वाचं घर खाली म्हणतात, ते उगाच नाही.

भाईंची लेक शिफा आयटीआयला रेडिओ-टीव्हीचं काम शिकून आली. शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात द्राक्षबागायतदार बाळासो तिच्याकडे जुना टीव्ही गेम घेऊन आले. फौजेतल्या भावानं आणलेला. भाऊ सुट्टीवर आला की दोघं बाप्ये त्यावर पोरांसारखे भांडायचे. शिफाचं हे पहिलंच काम. ते जमलं तर बाजारात गाळा घेऊन द्यायचं भाईंनी कबूल केलं होतं.

तिनं घरातच जळकी चिप काढून दुसरी बसवली. पण गंजलेल्या जागी सोल्डरचा डाक धरेना. राळ लावून लावून पोरगी घामाघूम झाली.

"राळंनं काय हुतंय? नवसागर लाव," भाई म्हणाले.

"अब्बा, ह्यात न्हाई चालत. तांब्याच्या बारीक रेघा खाऊन टाकतंय त्ये."

"तीस वर्सं तांब्यावरच हात हाय माजा. मला शिकवतीस व्हय?"

शिफानं गेम त्यांच्यापुढं सरकवला. भाईंनी माझी पूड पाण्यात कालवली आणि स्वतः बोटानं लावली. डाक चटकन धरला, टीव्हीवर चित्र आलं. संध्याकाळी गेम न्यायला आलेले बाळासो नाचायचेच काय ते बाकी होते. मीही फुगलो.

श्रावणात बाळासो परत आले. गेम बंद. शिफानं झाकण उघडलं, तर चिपच्या पायांशी हिरवा थर आणि तांब्याच्या रेघा नाहीशा. कल्हईनंतर पातेलं धुतात. इथं मी तसाच राहिलो होतो, कुरतडत.

"दिवाळीला भाऊ येनार हाय. आता त्येला काय दावू?" बाळासोंचा आवाज पडला. "भाई, राग मानू नगा, पन पोरीचा हात लय कच्चा हाय."

शिफानं बापाकडं पाहिलं. त्यांचा एक शब्द पुरला असता. भाई भात्याचं कातडं चाचपत बसले.

"चुकलं माजं, काका," शेवटी तीच म्हणाली.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

पुढं तिच्याकडं कुणी काम आणलं नाही. गाळ्याचं बोलणं मागं पडलं. हल्ली ती शेडवर बेदाणा निवडायला जाते. भाई लेकीच्या नजरेला नजर देत नाहीत. त्यांच्या डब्यात मी आता सुपारीएवढा उरलोय.

माझा धूर व्हायच्या आत एवढंच मागणं आहे. तासगावकडं गेलात तर बाळासोंना गाठा. त्यांना सांगा, पोरीला काम येत होतं. माझी पूड लावणारं बोट तिच्या बापाचं होतं.