सातचा भोंगा

आमच्या नगरपालिकेत नको असलेलं काम कर विभागातल्या कुणाच्या तरी गळ्यात मारतात, आणि कर विभागात सगळ्यात नवी मी. म्हणून आपत्ती व्यवस्थापन कक्षाचा अतिरिक्त कार्यभार माझ्याकडे आला. कक्ष म्हणजे जिन्याखालची खोली, एक टेबल, एक फोन आणि आराखड्याची फाईल. फाईलवरचं साल तेवढं दरवर्षी खोडून नवं घालायचं, अशी पद्धत. मी ती पहिल्यांदा नीट वाचली तेव्हा नदीवेशीच्या स्वयंसेवकांत दोन मयत माणसं सापडली.

नदीवेस म्हणजे गावाचा सगळ्यात खालचा भाग. कृष्णा काठ सोडते ती पहिल्यांदा तिथंच. बासष्ट घरं, त्यांतलं एक माझ्या वडिलांचं. तात्या, म्हणजे हवालदार जोतीराम, तोफखान्यात वीस वर्षं तोफेशेजारी उभे राहिले आणि कान तिथंच ठेवून आले. कानाचं मशीन आणून दिलं, तर दोन दिवस लावून ‘नुसता गोंगाट’ म्हणत कपाटात टाकलं. आई गेल्यापासून ते एकटे राहतात. मी सासरी, वरच्या पेठेत. आमच्याकडे या म्हणून कितीदा लिहून दिलं. ‘जागा सोडायची न्हाई’ हे एकच उत्तर. आमचं सगळं बोलणं असं लिहूनच चालतं, बहुतेक मोबाईलवर.

आता भोंग्याबद्दल सांगायला हवं. नदीवेशीतल्या बचत गटाच्या अध्यक्षा रंगूबाई, आमच्या रंगूकाकी, यांनी तीन वर्षांपूर्वी एक गोष्ट मनावर घेतली. कडेगावच्या बाजूला एका खेड्यात संध्याकाळी भोंगा झाला की सगळे मोबाईल आणि टीव्ही बंद करतात, पोरं अभ्यासाला बसतात, असं त्यांच्या कानावर आलं होतं. पालिकेच्या छपरावरचा भोंगा तसाही गंजत पडलेला. काकी रोज येऊन मुख्याधिकारी साहेबांच्या केबिनसमोर बसल्या, शेवटी साहेब वैतागून हो म्हणाले. तेव्हापासून सातला भोंगा, सात ते साडेआठ मोबाईल बंद. पहिला महिना लोक हसले. पुढं इतकं अंगवळणी पडलं की पाहुणे आले तरी त्यांच्या हातातला मोबाईल काढून घेतात. तात्यांना भोंगा ऐकू येत नाही, पण फौजी माणूस. घड्याळात सात वाजले की मोबाईल बंद, साडेआठ वाजले की चालू.

मे महिन्यात जिल्ह्याकडून रंगीत तालमीचा आदेश आला. आराखड्यात लिहिलं होतं: धोक्याचा भोंगा होताच नागरिकांनी मोबाईलवरील सूचना वाचून शाळा क्रमांक तीनमध्ये जमावे. दुपारी चारला आमचे फायरमन इलियासभाई यांनी भोंगा वाजवला आणि मी मेसेज सोडला. वाचायला कोण होतं? भोंगा झाल्याबरोबर अख्ख्या नदीवेशीनं मोबाईल बंद केले. तीन घरांत पोरांनी भर सुट्टीत पुस्तकं काढली म्हणे. शाळेत मी, पाण्याचे जार आणि जिल्ह्याचे निरीक्षक. पंधरा मिनिटांनी फाटकातून एकच माणूस आत आला, खाकी पिशवीत कागदपत्रं, बॅटरी आणि एक जोडी कपडे घेऊन. तात्या. भोंगा ऐकलाच नव्हता, त्यामुळं त्यांचा मोबाईल चालू होता.

“बाकीचे कुठं मेले?” त्यांनी मोठ्यानं विचारलं. बहिरी माणसं हळू बोलत नाहीत.

निरीक्षकसुद्धा हसले. मला त्या दिवशी तात्यांचा अभिमान वाटला आणि मनातून त्यांची काळजी कायमची गेली. मेसेज आला की हा माणूस येणार, हे मी धरूनच चालले.

मुख्याधिकारी साहेबांनी सातचा भोंगा बंद करायचं ठरवलं. रंगूकाकी जिना चढून आल्या. “भोंगा बंद केलासा तर पोरांच्या हातातला मोबाईल तुमी काढायला येनार हाय का सायेब?” साहेब तसं करणार नव्हते. मग तोडगा निघाला: रोजचा भोंगा एकसलग, धोक्याचा तीनदा तुटक. पुढच्या आठवड्यात तुटक वाजवून पाहिला. लोकांनी ‘मशीन बिघडलं वाटतं’ म्हणत मोबाईल बंद केले. सवयीला औषध नाही.

ऑगस्टमध्ये पाच दिवस पाऊस हटला नाही. पाणी काठाशी टेकलं होतं, आणि सहाव्या दिवशी संध्याकाळी सहा पस्तीसला जिल्ह्याचा निरोप आला: धरणाचा विसर्ग आधीच वाढलेला आहे, नऊच्या आत पाणी सखल भागात शिरेल, लोक हलवा. साहेब बैठकीसाठी सांगलीत होते. बासष्ट घरांतली अडीचशेच्या वर माणसं, कक्षात मी आणि इलियासभाई.

मेसेज साहेबांच्या मंजुरीशिवाय सोडायचा नाही, असा नियम. मी मसुदा त्यांना पाठवला. ते बैठकीत. सहा पन्नास झाले. इलियासभाई भोंग्याच्या बटणाकडं बघत होते.

“तुटक वाजवू का मॅडम?”

“वाजवला तर काय होईल?”

“मोबाईल बंद करून बसतील.”

त्या क्षणी मला जे सुचलं ते आराखड्यात नव्हतं. “आज वाजवूच नका,” मी म्हणाले.

“म्हंजी? पूर आलाय आन् भोंगा न्हाई वाजवायचा?”

“तीन वर्षांत एक दिवस चुकला नाही. चुकला तर गप्प बसतील का?”

इलियासभाई बटणापासून बाजूला झाले. मग त्यांनी मेन स्विच खाली ओढला, म्हणजे चुकून कुणाचा हात लागायला नको. सात वाजले. भोंगा झाला नाही. नोकरी गेली, असं मला पक्कं वाटलं.

सात वाजून तीन मिनिटांनी फोन वाजला. “आवं, भोंगा का न्हाई झाला?” तो ठेवला तर दुसरा. चौथा फोन होईपर्यंत लोक घराबाहेर आले होते, कारण आपल्याकडं एखादी गोष्ट चुकली की ती कुणाची चूक हे ठरवायला माणसं चौकात जमतात. सात दहाला रंगूकाकी पदर खोचून दारात उभ्या होत्या, मागं वीस-पंचवीस बायका.

“कुनी बंद केला गं?”

“मी. काकी, पाणी येतंय. नऊच्या आत. सगळ्यांना शाळेत घेऊन जा.”

काकींनी एकही प्रश्न विचारला नाही. मागं वळून बायकांना गल्ल्या वाटून दिल्या, कुणी कुठली घरं बघायची, म्हाताऱ्यांना कुणी धरायचं, आणि निघाल्या. आमच्या फाईलमध्ये हे काम सात समित्यांकडं होतं. त्याच सुमारास साहेबांची मंजुरी आली आणि मी मेसेज सोडला. सात बारा. लोकांचे मोबाईल चालू होते, त्यांनी वाचला, शाळेत न्यायला येणाऱ्या पालिकेच्या बसगाडीची वेळ विचारायला फोन सुरू झाले. सगळं इतकं व्यवस्थित चाललं होतं की मी चक्क चहा मागवला.

आठ दहाला काकींचा शाळेतून फोन आला. “एकसष्ट घरं आली. तुझा बा तुझ्याकडं हाय न्हवं?”

“माझ्याकडं? नाही.”

“आगं, दार वाजवून वाजवून हात दुखला आमचा. आतनं कडी, वीज कंपनीनं लाईट घालवलेली, सगळा अंधार. आमाला वाटलं म्हागच्या दारानं तुझ्याकडं गेला.”

मी मोबाईल काढला. मेसेजपुढं एकच बरोबरची खूण होती, पोचला नव्हता. सात वाजता, घड्याळ बघून, त्यांनी मोबाईल बंद केला होता. भोंगा चुकला हे साऱ्या नदीवेशीला कळलं. ज्याला तो रोजच ऐकू येत नाही त्याला तो आज वाजला नाही, हे कसं कळणार? सातच्या आधी दोन शब्द टाकले असते तरी पुरलं असतं. स्वतःच्या बापाला मेसेज करायला मला साहेबांची मंजुरी लागत नव्हती. मला ते सुचलंच नाही. सुचलं नाही याची लाज मला अजून वाटते.

इलियासभाई दोरी आणि बॅटरी घेऊन पळाले. मलाही पळावंसं वाटलं. पण फोन वाजत होता, वरच्या पेठेतून दुसरी बस कुठं वळवायची विचारत होते, आणि कक्षात तिसरं माणूस नव्हतं. मी बसून राहिले. बस वळवली. कुणाला काय सांगितलं, मला आठवत नाही. खिडकीतून पाण्याचा वास येत होता.

आठ पंचवीसला इलियासभाईंचा फोन. “घावलं. भिंतीवरनं उडी टाकली. घोटाभर पानी आत, आन् तात्या पलंगावर पाय वर घिऊन बॅटरीत पेपर वाचत्यात. सुखरूप हायत.”

मी टेबलावर डोकं टेकून रडले. मग पुढचा फोन उचलला.

सकाळी बदली माणूस आला तशी शाळेत गेले. वर्गात सतरंजीवर तात्या बसले होते. मी समोर बसले आणि वहीत लिहिलं: चुकलं माझं. तुम्हाला कळवायचं राहिलं.

त्यांनी चष्मा लावून वाचलं. “इलियासनं लिहून दावलं समदं. भोंगा न वाजवायची अक्कल ब्येस,” ते म्हणाले. सारा वर्ग ऐकत होता. “जागा सोडून आली न्हाईस ते पन ब्येस. मला इसरलीस, त्याचं काय न्हाई. माज्यासाटी तू हायस, इलियास हाय.”

मग त्यांनी वही माझ्याकडं सरकवली.

“माज्यासारकी, कानानं गेल्याली, गावात अजून किती हायत गं? आकडा लिव्ह हितं.”

मी पेन उघडलं. आपत्ती कक्षाची प्रमुख मी. वर्षभर ती फाईल माझ्याजवळ होती, आणि हा आकडा तिच्यात कुठंच नव्हता. तात्या वाट बघत होते, आणि मला लिहिता येत नव्हतं.