आर्डिसचे एकोणीस

मी एक जुना डबा आहे, टीव्हीखाली बसणारा. माझ्यापाशी एक पत्र हिवाळाभर उत्तरावाचून पडून होते. पत्र म्हटले खरे, पण ते कागदाचे नव्हते. पत्त्यांच्या डावाखाली उमटलेली ती एक ओळ होती : "तुझी पाळी, आर्डी. मला एकोणीस. तुला किती?"

मित्रांनो, मला बोलायची सवय नाही. माझ्या पोटातून कितीतरी नाटके आणि बातम्या वाहून गेल्या, पण त्यांतले माझे असे काहीच नव्हते. ही गोष्ट सांगायला मी योग्य आहे की नाही, कोण जाणे. रिमोटने सांगितली असती तर बरे झाले असते. पण तो निम्मा वेळ सोफ्याच्या फटीत असतो.

माझा जन्म कुठल्याशा मोठ्या कारखान्यात झाला. मला तो आठवत नाही, आणि आठवत असल्याचा आव आणणे बरे नव्हे. पहिली खरी आठवण म्हणजे लाल कागद फाटल्याचा आवाज. नाताळ होता. मिनेसोटातल्या टू हार्बर्स गावी, सरोवराकाठच्या घरात, सॉन्याने मला आपल्या आईवडिलांना भेट दिले होते. वडील ऑर्लिन हाउगेन खनिजाच्या धक्क्यावरून निवृत्त झालेले. आई आर्डिस शाळेच्या स्वयंपाकघरातून.

ऑर्लिनने मला हवामान दाखवायच्या कामाला लावले.

"खिडकीबाहेर बर्फ पडतोय," आर्डिस म्हणाली, "आणि तू तो टीव्हीवर बघतोयस?"

"इथं आकडे दिसतात."

"दे तो रिमोट इकडे."

तिने भलतेच बटण दाबले आणि पडद्यावर हिरवे मेज उमटले. मेजावर भोकांची लाकडी पट्टी, तिच्यात इवल्या खुंट्या, शेजारी पत्ते. तो क्रिबेज होता, खुंट्यांनी गुण मोजायचा पत्त्यांचा खेळ. आर्डिस आणि तिची बहीण लव्हॉन लहानपणी शेगडीजवळ बसून खेळत तो. लव्हॉन आता दूर अ‍ॅरिझोनाच्या उन्हात राहत होती. तिच्याकडेही माझ्यासारखाच डबा होता. मग काय! एकीने सवडीने पान टाकावे, दुसरीने सवडीने उत्तर द्यावे. मधल्या वेळात तो डाव मी सांभाळत असे.

या खेळात हातातल्या पत्त्यांचे गुण मोजून सांगायचे असतात. आर्डिस कधीकधी पत्ते पाही, सुस्कारा टाकी आणि मोठ्याने म्हणे, "एकोणीस!" बाणांच्या बटणांनी एकेक अक्षर शोधून तेच ती बहिणीला लिहीत असे.

खुर्चीतून ऑर्लिन वर्तमानपत्र खाली करी. "पुन्हा एकोणीस? वा गं माझी वाघीण!" आणि तो खरोखर टाळ्या वाजवी.

तो कडक धर्मनिष्ठ घरात वाढला होता. तिथे पत्त्यांना उंबऱ्याच्या आत बंदी होती, त्यामुळे त्याला राजा आणि गुलाम यांतला फरकही धड कळत नसे. पण बायकोचा अभिमान केवढा! चर्चमधल्या कॉफीच्या वेळी त्याने सगळ्यांना सांगितले, "आमच्या आर्डिसला या आठवड्यात तीनदा एकोणीस." मंडळी कपात तोंड घालून हसली. "जळतात लेकाचे," घरी येऊन तो म्हणाला. आर्डिस हसून हसून रडली, पण काही बोलली नाही.

त्या दुपारी मला अजून स्वप्नासारख्या दिसतात. सरोवरावर धुके उतरायचे, एखादे खनिजवाहू जहाज लांबून भोंगा द्यायचे, आणि मेजाचा हिरवा उजेड छतावर पाण्यासारखा हलायचा. दोघे पेंगू लागले की मीही अर्धवट झोपेत पडद्यावर डोंगरांची चित्रे सोडायचो. वाटायचे, पत्ते धुक्यावरून तरंगत चालले आहेत, एकामागून एक, कुठल्यातरी उबदार गावाला.

पुढे एका पानगळीत आर्डिसला डुलूथच्या इस्पितळात नेले. त्याच दिवशी लव्हॉनची ती ओळ आली. आर्डिस परत आली नाही. लव्हॉन अंत्यविधीला आली, माझ्यासमोर बराच वेळ बसली, पण तिने मला सुरू केले नाही. ऑर्लिन हवामान रेडिओवर ऐकू लागला. माझ्यावर धूळ बसली. ओळ माझ्याजवळ होती. उत्तराचे बटण मात्र दुसऱ्या कुणीतरी दाबावे लागते.

बर्फ फुटून पहिले जहाज आले, त्या आठवड्यात सॉन्या नवा टीव्ही घेऊन आली.

"बाबा, यात सगळं आतच असतं. हा डबा भंगारात देते."

"थांब. त्यात तुझ्या आईचा खेळ आहे."

"खेळ नव्यावरही मिळेल."

"तो डाव मिळेल?"

सॉन्याने माझ्या वायरीकडे नेलेला हात मागे घेतला. नव्या टीव्हीवर तो डाव उघडायची किल्ली म्हणजे आर्डिसने मनात ठेवलेला एक शब्द; तो कुणालाच ठाऊक नव्हता. मला उपटले की डाव गेला.

ऑर्लिनने बाहीने माझी धूळ पुसली, मला सुरू केले आणि लव्हॉनला फोन लावला. फोन त्याने खुर्चीच्या हातावर ठेवला, म्हणून मलाही ऐकू आले.

"लव्हॉन, तुझा प्रश्न इथंच राहिलाय. उत्तर दिल्याशिवाय मी हा डबा जाऊ देणार नाही. तिला किती गुण, ते सांग."

पलीकडून लव्हॉन म्हणाली, "पत्ते वाच."

"दुर्री. चौकी. छक्की. अठ्ठी. आणि मधे उघडलेला... हा दाढीवाला कोण?"

"राजा, ऑर्लिन."

"राजा."

लव्हॉन हसली, आणि हसता हसता तिचा आवाज ओला झाला. "एकोणीस."

"बघ! मला वाटलंच! जिंकली ना?"

"नाही रे वेड्या. क्रिबेजमध्ये एकोणीस गुण होऊच शकत नाहीत. म्हणून हातात काहीच नसलं की आम्ही म्हणतो, एकोणीस. म्हणजे शून्य."

ऑर्लिन पडद्याकडे पाहत राहिला. "म्हणजे ती हरायची? आणि मी टाळ्या...?"

"मी तिला म्हटलं होतं, सांग त्या भल्या माणसाला. तर म्हणाली, खबरदार! जिंकले तर हा पेपरमधून डोकं वर काढत नाही. हरले की टाळ्या वाजवतो."

सॉन्याने डोळे पुसले. नव्या टीव्हीचे खोके तिने हळूच दाराकडे सरकवले.

"मला पत्ते येत नाहीत, लव्हॉन," ऑर्लिन म्हणाला.

"एकोणीस येतं ना? तिथूनच सुरुवात करू. पाठव, मग माझी पाळी."

मित्रांनो, माझ्यासारखी वस्तू भंगारात टाकण्याआधी एकदा सुरू करून पाहा. आत कुणीतरी कुणाची वाट पाहत असेल.

ऑर्लिनने चष्मा लावला. एकेक अक्षर शोधत, दोनदा चुकत, त्याने लिहिले : "आर्डीला एकोणीस." मग दोन्ही हात मोकळे व्हावेत म्हणून रिमोट मांडीवर ठेवला, टाळ्या वाजवल्या, आणि बटण दाबले.

पत्र गेले.