नाकाकडे बघणारी माणसं

ह्यांना चाळीशी लागून वर्षं झाली, पण नाकावर चष्मा काही चढेना. नाक चांगलं ऐसपैस आहे, जागेची अडचण नव्हती. अडचण मानाची होती.

हे बोटाएवढी मातीची माणसं करतात. डोळे सगळ्यात शेवटी. सुईच्या टोकाने दोन खाचा, त्यात मोहरीहून बारीक गोळ्या, वर पापणीची रेघ. त्या वेळी घरात कुणी शिंकायचंही नाही. एवढा थाट, आणि अलीकडे निघालेली झाडून सगळी माणसं आपापल्या नाकाकडे बघत होती. मी बोलले की म्हणायचे, "तुला कलेतलं काय कळतं?" मग मीही बोलायचं सोडून दिलं.

अशात समोरच्या शिंपीणबाई आल्या. त्यांचा नवरा गेल्या वर्षी गेला. शिवणयंत्राशेजारी ठेवायला त्यांना तो हवा होता.

"मी कामात असले की ते माझ्याकडे बघत बसायचे," त्या म्हणाल्या. "तेवढे डोळे तसे करा. बाकी कसंही चालेल."

ह्यांनी डोळे केले, खरवडले, पुन्हा केले. शेवटी जो शिंपी तयार झाला, तो नाकावर माशी बसल्यासारखा बघत होता. मला हसू आवरेना. हे मात्र हसले नाहीत.

"माझ्याच्याने होत नाही आता," म्हणाले. "बाईंना नाही म्हणून सांग. यापुढे कुणाचंच काम घ्यायला नको."

माती सुटली तर हा माणूस करणार काय, दिवसभर माझ्या आमटीत चुका काढणार? मी माझा गुलाबी काड्यांचा चष्मा काढला आणि सरळ ह्यांच्या नाकावर बसवला.

"आधी नीट बघा. मग खुशाल रडा."

त्यांनी शिंपी बघितला. मग फळीवरची बाकीची मंडळी बघितली.

"गिऱ्हाइकांकडेही अशीच गेली?"

"हो. त्यांना वाटतं, ती तुमची शैली आहे."

ह्यांनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि बघतच राहिले.

"काय झालं? म्हातारी दिसते?"

"नाही गं. दमलेली दिसतेस. मला हे दिसलंच नव्हतं."

आता ह्यावर काय टोमणा मारणार? "बाईंचं काम करा आधी," एवढं म्हणून मी तिथेच बसले, कारण चष्म्याशिवाय मला तांदळातले खडेही दिसले नसते. हे मधूनमधून माझ्याकडे बघत सुई चालवत राहिले.

माती वाळल्यावर बाई आल्या. त्यांनी शिंपी तळहातावर घेतला. हे माझ्यामागे उभे राहिले होते, शाळेत निकालाच्या दिवशी पोरं उभी राहतात तसे. बाईंनी शिंपी डोळ्यांसमोर धरला. मग कपाळावरचे केस मागे सारून त्याला म्हणाल्या, "बघत काय बसलात? आवरतच आलंय माझं."